थोडंसंच बनवलंय!

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये लालचक्कीकडून व्हीनस चौकाकडे येताना रिक्षांच्या गर्दीत एखादी यामाहा आरएक्स १०० निमूट उभी असते. सायलेंसर कंपनीचाच, टाकीवर वाघ नाही की तलवार नाही, चालवणाऱ्याचे कानाजवळचे केस पिकलेले. अशी गाडी दिसली की खुशाल समजावं, तिच्या इंजिनावर तिच्या शोरूमच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जिरलेले आहेत. गाडीवरच्या भाऊंना विचारून पाहा. ते आधी क्लच दाबतील, मग इकडे-तिकडे बघतील आणि म्हणतील, "काही नाही हो, थोडंसंच बनवलंय." या थोडंसंचवाल्यांबद्दल कॅम्प ४ मधलं लोकमत असं की हे वेगाचे वेडे, वय झालं, पोरकटपणा गेला नाही. मला हे मत पटत नाही. जिथे दुकानाची फळी गटारावर आणि गटाराची फरशी रस्त्यावर येते, तिथे हातात असूनही थोडं कमीच घ्यायचं ठरवणारा आणि त्या कमीपणासाठी पदरचे पैसे मोजणारा हा एकमेव इसम आहे. याचा पुरावा त्याच्या सिलिंडरच्या आत आहे. तो दाखवायलाही भाऊ तयार असतात, फक्त तुमच्याकडे तीन तास हवेत.

आधी गाडीची कुळकथा. १९८५ साली दोन शंभर सीसीच्या गाड्या बाजारात आल्या. हिरो होंडाची सीडी १०० आली ती फोर-स्ट्रोक, सात-साडेसात घोड्यांची, पेट्रोल हुंगून चालणारी. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साथीने आणलेली आरएक्स १०० टू-स्ट्रोक होती, ९८ सीसीतून ११ घोडे काढणारी, आणि वजन जेमतेम १०३ किलो. संसारी माणसाने पहिली घेतली. दुसरी ज्यांना घेता आली नाही ते आज भाऊ आहेत. १९९६ च्या प्रदूषण-नियमांपुढे ही गाडी टिकली नाही आणि मार्चमध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे भाऊंच्या हाती पैसा आला तेव्हा शोरूममध्ये गाडी नव्हती. अमेरिकेतही ही जमात आहे, फक्त तिचं दुखणं आकाराने मोठं. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओचं इंजिन ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं, त्यात आरएक्सची ६५ इंजिनं मावतील. पण तिकडचा काका शेवरलेचं ३५० घनइंची इंजिन खोलतो तेव्हा बोअर वाढवतो ३० थाऊ, म्हणजे पाऊण मिलिमीटर. आणि कॅम्प ४ मधल्या बोरिंगवाल्याकडे तिसऱ्या ओव्हरसाइझचा जो पिस्टन मिळतो तोही पाऊण मिलिमीटरचाच! इंजिनं अठ्ठावन्नपट लहानमोठी, हाव मात्र तंतोतंत एका मापाची.

आता ही हाव नीट मोजू. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० च. झिजलेला सिलिंडर पुन्हा कापून घ्यायचा तर पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जाणारे मिळतात, एक मिलिमीटरपर्यंत. दुसऱ्या मापाला, ५०.५० ला, गणित केलं तर इंजिन भरतं बरोबर १००.१ सीसी. थोडक्यात, टाकीवरचा १०० हा आकडा दोनदा बोअर मारल्यावर खरा होतो. भाऊंना हे ठाऊक असतं आणि या वाक्यापाशी ते हमखास थांबतात, समोरच्याने दाद द्यावी म्हणून. इथे गावाची आठवण येणं अटळ आहे. उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली खास या शहरापुरता कायदा करावा लागला होता. त्या हिशेबाने ओव्हरसाइझ पिस्टन म्हणजे सिलिंडरचं नियमितीकरणच. फरक इतकाच की शेजारच्या इमारतीने न विचारता दोन मजले चढवले आणि भाऊंनी अर्धा मिलिमीटर, तोही पिस्टन बनवणाऱ्याने आखून दिलेल्या मापात. नियमाला धरून वाढ करणारा माणूस या गावात विनोदी ठरतो, याचा दोष मी त्याला देत नाही.

त्याच्या संयमाची खरी परीक्षा मात्र पोर्टपाशी होते. फोर-स्ट्रोक इंजिन उग्र करायचं तर कॅम बदलतात. टू-स्ट्रोकला कॅम नसतो, सिलिंडरच्या भिंतीतल्या झरोक्यांची उंची हाच त्याचा स्वभाव. एक्झॉस्टचा पोर्ट मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर घेतला की इंजिन वरच्या फेऱ्यांत पिसाळतं आणि खालच्या फेऱ्यांत मरगळतं. गल्लीतली वीस वर्षांची पोरं तेच करून घेतात. मग सिग्नलला गाडी बंद पडू नये म्हणून सारखा एक्सलेटर पिळत उभी राहतात आणि लोकांना तो माज वाटतो. भाऊ पोर्टची उंची हलवू देत नाहीत. ओतकामातले उंचवटे घासून साफ करायचे, गॅस्केट आणि पोर्टचं तोंड जुळवून घ्यायचं, रीड व्हॉल्वची पाती नवी टाकायची, बस्स. उस्तादाच्या हातात ग्राइंडर आला की भाऊंचा श्वास अडकतो. "उस्ताद, तेवढंच. वर नको जाऊ." "भाऊ, जरासं वर घेतलं तर गाडी उडेल." "उडवायची नाहीये रे मला." दिवसभर हेच चालतं. उस्तादाच्या मते अशा गिऱ्हाइकाने गाडी विकून स्कूटी घ्यावी.

तपशिलाचा हट्ट किती असावा? बोरिंगवाल्याने सिलिंडर कापून दिला की भाऊ नवी रिंग एकटीच त्यात सोडतात, पिस्टनच्या डोक्याने हलकेच ढकलून सरळ बसवतात आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची पाती सरकवून पाहतात. पिस्टन आणि भिंत यांत मिलिमीटरचे चार-पाच शतांश सुटलेत की नाहीत, यावर बोरिंगवाल्याचा शब्द ते घेत नाहीत. कमी सुटले तर गरम झाल्यावर पिस्टन जाम होणार, जास्त सुटले तर खडखडणार. पोर्टच्या कडांची धार मारली का, हे करंगळी आत फिरवून बघतात, कारण धार राहिली की रिंग अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेंसरच्या बाजूला आहे ना, हेही दोनदा पाहतात. क्रँक प्रेसखाली उघडून नवा कनेक्टिंग रॉड बसवला की डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहायला लेथपाशी ठाण मांडतात, आणि लेथवाला त्यांना चहा पाजून बाहेर बसवू बघतो. ज्या शहराचा 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद देशभर पोचला, तिथे राहून हा माणूस यामाहाच्या पिशवीतल्या मूळ सुट्या भागाशिवाय हात लावू देत नाही. डुप्लिकेट आणि ओरिजिनल यांतला फरक कुणाला कळत असेल तर तो उल्हासनगरकरालाच, दुसऱ्या कुणाला तशी संधीच मिळालेली नसते.

आक्षेप पहिला: एवढं करून चालवणार कुठे? कॅम्प ४ ते विठ्ठलवाडी स्टेशन या रस्त्यावर चौथा गियर हा अफवेचा विषय आहे. माझं म्हणणं, हाच भाऊंच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. ज्याला वेग हवा तो वरच्या फेऱ्यांचं इंजिन बनवील. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गियरमध्ये उतरून, मागे बायको आणि मांडीवर किराण्याची पिशवी घेऊन, रिक्षा वळण्याआधी सटकण्यापुरतं बळ ज्याला हवं, तो खालच्या फेऱ्यांचंच बनवील. भाऊंचं इंजिन इथल्या रस्त्याचं माप घेऊन शिवलेलं आहे. शिवाय नवं इंजिन पहिले पाचशे-हजार किलोमीटर रगडायचं नसतं. तो संयम या गावात पाळावा लागत नाही, ट्रॅफिक पाळून घेतो. किती घोडे वाढले हे मोजायला डायनो नाही. नेवाळी नाक्यावरून मलंगगडाच्या पायथ्याकडे जाताना गियर किती वेळा पाडावा लागला, हेच मोजमाप. रविवारी बारवी धरणापर्यंत जाऊन यायचं, परतताना बदलापुरात वडापाव खायचा आणि प्लग काढून बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी निघाला तर तो दिवस सार्थकी. पांढरट निघाला तर जेट बदलेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. आजची कुठलीही १२५ सीसी गाडी जवळपास तेवढीच ताकद देते, सेल्फवर सुरू होते आणि बरंच जास्त ॲव्हरेज देते. अगदी खरं. पण ती उघडून बघता येत नाही; उघडली तर आत वायरींचा गुंता आणि लॅपटॉपवाला मुलगा निघतो. भाऊंना गाडीपेक्षा गाडीविषयी बोलता येणं जास्त हवं असतं, आणि बिघडतच नाही अशा यंत्राविषयी दहा मिनिटांपलीकडे बोलता येत नाही. तिसरा आक्षेप धुराचा, आणि तिथे मी भाऊंची वकिली सोडतो. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून बाहेर जातो. ती रचनेतच असलेली खोड आहे, उत्तम बोअर मारल्याने जात नाही. झिजलेल्या इंजिनापेक्षा बनवलेलं कमी धूर मारतं, एवढंच खरं. प्रदूषित वालधुनी नदीच्या काठी राहून "एका गाडीने काय होतंय" हे वाक्य बोलू नये, आणि भाऊ ते बोलतात. कायद्याच्या बाबतीत मात्र ते सोवळे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मना करतं, हे ते फटाका सायलेंसर लावणाऱ्या पोरांना कलमाच्या आकड्यासकट सुनावतात. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारीखवार लावलेल्या असतात. पोर्ट घासल्याचं बिल त्यात नसतं.

राहता राहिला प्रश्न वारसाचा. ५०.५० वर बोअर असलेल्या सिलिंडरला आणखी दोन मापं शिल्लक असतात, आणि रविवारच्या वापराने एक माप भाऊंच्या हिशेबाने पंधरा वर्षं जातं. बेरीज केली की लक्षात येतं, गाडी भाऊंच्या पुढे जगणार. स्वतःच्या मुलाला इलेक्ट्रिक स्कूटर हवी आहे, तेव्हा आशा उरते ती पुतण्याची. तो अंबरनाथहून येतो, गाडी पुसतो, पाना-पक्कड हातात देतो, काकांचं प्रवचन मान हलवत ऐकतो. परवाच उस्तादाकडून भाऊंच्या कानावर आलं की पोराने गुपचूप विचारलं होतं, एक्झॉस्टचा पोर्ट दीड मिलिमीटर वर घ्यायला किती घेणार. तेव्हापासून गाडीचं आरसी बुक काकूंच्या दागिन्यांच्या डब्याखाली असतं आणि किल्ली भाऊंच्या बनियनच्या खिशात.