आद्य श्रोते

प्रत्येक तालुक्याच्या गावी, आणि म्हणून आमच्या चाकुरातही, एक असा गृहस्थ असतोच की जगातील कोणतीही सुरेल वस्तू इतरांच्या आधी आपल्याच कानावरून गेली आहे, अशी ज्याची अढळ श्रद्धा असते. आमचे गृहस्थ पडले तहसिलीतील अव्वल कारकून. तेव्हा त्यांच्या श्रद्धेस महसुली स्वरूप आले आहे. 'फाउंटन्स ऑफ वेन' या अमेरिकन मंडळीचा १९९६ सालचा पहिला अल्बम ही त्यांची वहिवाटीची जमीन, आणि कब्जेदाराच्या रकान्यात नाव त्यांचे एकट्याचे.

न्यू जर्सीतील वेन गावी बागेत मांडावयाच्या शोभेच्या वस्तू विकणारे एक दुकान होते, त्याचेच नाव या मंडळीने जसेच्या तसे उचलले, ही हकीकत सांगताना ते लातूर–नांदेड रस्त्यावरील पाट्यांकडे अशा भावपूर्ण दृष्टीने पाहतात की, एखाद्या बी-बियाण्यांच्या दुकानाचे भाग्य आजच उजाडणार, असे ऐकणाऱ्यास वाटावे. मंडळीतील अॅडम श्लेसिंजर आणि ख्रिस कॉलिंगवुड या दोघांनीच बहुतेक वाद्ये वाजवून बारा गाणी सिद्धीस नेली, याचे तर त्यांना विशेष अप्रूप. रिक्त पदांच्या कचेरीत दोघांनी सारे दप्तर कसे उपसावे लागते, हे त्यांना निराळे सांगावयास नको. ब्रिटिश रॉक गिटारवादक पीट टाउनशेंडने १९६७ साली 'पॉवर पॉप' असे नाव दिलेल्या या गानप्रकारात गिटारी दांडग्या आणि चाल मात्र लाघवी असते, असा खुलासा न मागता मिळतो.

परंतु खरा जीव 'सिक डे' या गाण्यावर. झेरॉक्सचे यंत्र बंद पडलेल्या कचेरीतील एक बाई लवकरच आजारपणाची रजा टाकावयाची म्हणून मनोमन हरखली आहे, एवढाच त्यातील मजकूर. पण तो ऐकताना अव्वल कारकुनांचे डोळे पाणावतात आणि खालच्या टेबलावरील रजेचे अर्ज त्या दिवशी विनाशेरा मंजूर होतात.

बसस्थानकासमोरील हॉटेलात मोबाइल मध्ये ठेवून ते हा अल्बम सर्वांस सक्तीने ऐकवितात. कोणी मान डोलावली नाही तर अरसिकतेचा ठपका, आणि डोलावली तर ते उघड अतिक्रमण. याच मंडळीचे 'स्टेसीज मॉम' हे गाणे २००३ साली जगभर गाजले, तेव्हापासूनचा सर्व व्यवहार त्यांनी नामंजूर केला आहे. (वस्तुतः ही गाणी चारचौघांनी मिळून गुणगुणावी अशीच बांधलेली आहेत, पण हे त्यांच्यापुढे बोलावे कोणी?)

परवा हॉटेलवाला कपबशी ठेवताना आपण होऊन म्हणाला, "साहेब, ते रजेचं गाणं लई झ्याक हाय बगा, पुन्यांदा लावा की!"

साहेबांनी मोबाइल खिशात घातला, चहाचे पैसे चुकते केले, आणि हल्ली ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलात बसतात.