मी कोण?

कोरं मशीन नेटवर्कवरून चालू केलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, 'मी कोण?' साधुसंतांनी या प्रश्नापायी जन्म घालवले. आमच्या सर्व्हर रूममध्ये उत्तर मिनिटाभरात यावं लागतं, नाहीतर स्क्रीनवर टाइमआउट.

विचारायची तऱ्हा मात्र घराण्यागणिक वेगळी. जुना सनचा सर्व्हर डिस्क पूर्ण रिकामी असतानाही 'ओके' म्हणून बसतो. मग आपण टाइप करायचं, 'बूट नेट - इन्स्टॉल'. त्या आडव्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची. मी एकदा ती इन्स्टॉलला चिकटवली, तर त्याने भलताच अर्थ काढला आणि मी अर्धा तास केबली बदलत बसलो. मग तो रार्पने हाक मारतो, 'माझा हार्डवेअर पत्ता हा, आयपी कुणाला ठाऊक आहे का?' ही हाक राउटरपलीकडे जात नाही. गल्लीतली हाक गल्लीतच, त्यामुळे सांगणाराही गल्लीतलाच लागतो.

लिनक्सवाली मशीनं पीएक्सईने डीएचसीपीला विचारतात. पुढे पीएक्सलिनक्स हा बूटलोडर आपली कॉन्फिग फाइल ज्या चिकाटीने शोधतो, ती मला फार आवडते. हार्डवेअर पत्त्याच्या नावाने शोधतो. नाही मिळाली, तर हेक्समधल्या आयपीच्या नावाने, म्हणजे १९२.१६८.१.१० साठी 'सी०ए८०१०ए'. तीही नसेल तर शेवटून एकेक अक्षर गाळत जातो. घर सापडेना, मग वाडा, मग गल्ली, मग पेठ. अगदीच कुणी ओळख दाखवेना तेव्हा 'डीफॉल्ट'. जुन्या पोस्टमनचीच जात.

एकदा सन उठला, फ्रीबीएसडीचं मशीन उठलं, आणि नवंकोरं लिनक्सचं मशीन मात्र डीएचसीपीपाशीच अडलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याची साधी विचारणासुद्धा नाही. मी कॉन्फिग तीनदा वाचली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, फायरवॉल बंद केली, आणि शेवटी, खोटं कशाला बोलू, मशीनवर एक थापही मारली. रात्री नेटवर्कवाला आला. मागे वाकून केबल कुठे जाते ते बघितलं आणि म्हणाला, "साहेब, स्विचचा हा पोर्ट उठायला तीस सेकंद घेतो."

स्पॅनिंग ट्री. आपल्यामुळे नेटवर्कात वेटोळं तर होत नाही ना, याची खात्री करायला स्विच पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि तोवर कुणाचं काही पुढे जाऊ देत नाही. आमचं बाळ तेवढ्यात हाका मारून, दमून गप्प झालं होतं. बाकीची दोघं उठली, कारण ती एका भंगारातल्या पाच पोर्टांच्या स्विचमागे होती. मशीन बंद-चालू झालं तरी मोठ्या स्विचला त्याचा पत्ताच लागत नसे, त्यामुळे मोठ्या स्विचचा त्या बाजूचा पोर्ट कायम जागा.

हे थांबणं टाळणारं पोर्टफास्ट त्या पोर्टवर लावलं, मशीन उठलं. त्या भंगार स्विचची आता काही गरज नाही. पण तो अजून रॅकमध्येच आहे, आणि त्यावर माझ्याच अक्षरात चिकटपट्टी आहे: 'काढू नये. कारण विचारू नये.'