ड्राफ्ट नाही

थंडीत निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर येतो आणि नाना आमच्या दारात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंश नोंदले गेले ते मोठ्याने वाचतात, न विचारता आत शिरतात, देवघरातली उदबत्ती उचलतात आणि घरभर फिरतात. नवख्याला वाटतं, माणूस भाविक आहे. नाना उंबऱ्याशी उकिडवे बसतात, धूर कुठे वळतो ते निरखतात आणि निदान करतात, "ड्राफ्ट नाही."

तुमच्या गल्लीतही असे एक नाना असणारच. मनमाडात तर रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची वानवा नाही. आमचे नाना काचीगुड्याच्या मीटरगेज लाइनवर फायरमन होते. वाफेच्या इंजिनात काम करून सुटलेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना भट्टीतून हवा ओढून घेते. हा ओढा म्हणजे ड्राफ्ट. ते भकभक म्हणजे तेच. गाडी जितका जोर लावील तितकी आग पेटते. नव्वदच्या दशकात लाइन ब्रॉडगेज झाली, नानांना डिझेल मिळालं. डिझेलला ते अजून 'मोटार' म्हणतात. मग ड्राफ्टचं तत्त्व त्यांनी उरलेल्या जगाला लावलं. वीस-वीस दिवसांनी नळाला करंगळीएवढी धार यायची, तेव्हा नाना म्हणायचे, वागदर्डी धरणात पाणी आहे, ड्राफ्ट नाही. जावयाचं दुकान बसलं. भांडवल होतं, ड्राफ्ट नव्हता.

त्यांच्या घरी गॅस आहे, तो पाहुण्यांच्या चहापुरता. सत्ता चुलीची. बाभळीची लाकडं वखारीतून आणून छपराखाली वर्षभर वाळवायची. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळत होते तेव्हाही त्यातली ढलपी त्यांनी चुलीत घातली नाही. त्यात डांबराचं तेल मुरलेलं असतं. आता चुलीचा धूर सगळे छपरातून सरळ बाहेर काढतात. नानांचं म्हणणं, आभाळाला फुकट का शेकायचं? त्यांनी पत्र्याचा पाइप चुलीवरून माजघरात, तिथून मागच्या खोलीत, थोडा थोडा चढता ठेवत नेला आणि मग बाहेर काढला. वळणावळणाला विटांचा ओटा, कारण वीट सावकाश तापते आणि सावकाश निवते. शिवाय मधल्या भिंतींना दोन-दोन भोकं: वरचं गरम हवेला जायला, खालचं गार हवेला परत यायला. त्यातून ऊब किती गेली यावर घरात दोन मतं आहेत. सुनेचं माहेरच्यांशी फोनवरचं बोलणं मात्र स्वयंपाकघरात अक्षर न् अक्षर पोचलं. काकूंनी भोकात उशी कोंबली. नाना कळवळले, "सगळा ड्राफ्ट मारला!" पुढे मुलगा-सून पुण्याला गेले. भोकांमुळे नव्हे, असं काकू सांगतात.

एका बाबतीत मात्र नानांशी वाद घालू नये. दार लावून, शेगडी उशाशी घेऊन झोपणाऱ्यांना ते सणसणीत शिव्या देतात, आणि योग्यच करतात. निखाऱ्यांचा तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही; माणूस झोपेतच जातो. गल्लीतल्या एका बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी त्यांनी भांडून बाहेर काढली. तिची सासू दारात आडवी उभी, नाना तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत. मग आठवडाभर हेच गृहस्थ आपल्या ओट्यावरच्या तापलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून तिकडे पोचवत होते. रात्री दोनला बदली, चारला बदली. हे कबूल करायला मला जड जातं, कारण त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या खिडकीवर खडूने फुली मारली होती: इथून गळती.

मागच्या खोलीत आता कोणी झोपत नाही. तरी पाइप तिथूनच जातो, आणि रोज संध्याकाळी नाना तिथल्या भिंतीला तळवा लावून बघतात. मी एकदा म्हटलं, "नाना, रिकाम्या खोलीसाठी एवढी लाकडं कशाला? पाइप अलीकडेच वर काढा."

"चूल धुमसेल," ते म्हणाले. "ड्राफ्टला लांबी लागते."

हे साफ खोटं. ड्राफ्टला उंची लागते. आडवा पाइप जितका लांब तितका ओढा कमी. मला हे शिकवलं कोणी, तर नानांनीच, मी चहा गार होईपर्यंत ऐकत असताना.

गेल्या नाताळच्या सुटीत नातू दोन रात्री त्या खोलीत झोपला. दुसऱ्या रात्री उकडतंय म्हणून त्याने पंखा लावला. महिनाभर नाना गल्लीत हेच सांगत फिरत होते. पंखा तीनवर होता असं ते म्हणतात. काकू म्हणतात, एकवर.