स्पाइक कसे घ्यावेत : जळकोटच्या होतकरू धावपटूंसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही पळायचं ठरवलंय. अजून ग्राउंडला एकही राउंड मारलेला नाही, पण ‘स्पाइक कोणते घेऊ?’ हे गावात विचारून झालंय, म्हणजे सुरुवात रीतसर झाली. भरतीत एका मार्कानं हुकलेला चुलतभाऊ म्हणाला असेल, “स्पाइकशिवाय पळण्यात अर्थच नाही.” भरती होऊन गेलेला मावसभाऊ म्हणाला असेल, “आधी अनवाणी पळ, पाय तयार होऊ देत.” वडिलांनी फक्त “कितीला?” एवढंच विचारलं असेल. तिघांत वडिलांचा प्रश्न सर्वांत तांत्रिक आहे. त्याचं उत्तर पुढे येईल, तोवर त्यांना थोपवून धरा.

पायरी पहिली : बूट बघण्याआधी जमीन बघा.

हे कोणीच सांगत नाही, कारण जमीन बघण्यात कुणाची विक्री होत नाही. स्पाइक म्हणजे चवड्याखाली खिळे असलेला बूट. खिळा रुतणार कशात, हे ठरल्याशिवाय त्याच्या लांबीवर तासभर वाद घालणं म्हणजे विहीर खणायच्या आधी मोटारीचा हॉर्सपॉवर ठरवणं. आपल्याकडे पळायच्या जागा तीनच. पहिली, सोलापूर-हैदराबाद महामार्गाची कड. पहाटे भरतीची पोरं तिथंच पळतात. डांबरावर खिळा रुतत नाही, झिजतो. सगळा दणका नडगीत जातो आणि वळणावर पाय सटकतो. मागून हैदराबादचा ट्रक येत असताना सटकणं विशेष गैरसोयीचं. तेव्हा महामार्गावर स्पाइक घालू नका. खरं तर महामार्गावर पळूच नका, पण तो सल्ला बुटांच्या कक्षेबाहेरचा आहे.

दुसरी जागा शेतरस्ता. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात प्रेमात पडते. पाऊस झाल्यावर स्पाइक घालून शेतरस्त्यानं शंभर पावलं पळून बघा. प्रत्येक बुटाखाली एवढं रान गोळा होतं की घरी पोचेपर्यंत शेजाऱ्यानं बांध कोरल्याची तक्रार केलेली असते.

उरलं मैदान. मुरूम टाकून रोलर फिरवलेलं, फक्कीच्या रेघा मारलेलं, थोडं पाणी शिंपडलेलं. इथं खिळ्याला काम आहे. असं मैदान हाताशी असेल तरच ही मार्गदर्शिका पुढे वाचा. नसेल तर तुमची खरेदी इथंच, एक रुपयाही न मोडता पूर्ण झाली.

पायरी दुसरी : खिळे मोजा, पण कमीकडून.

जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमानुसार एका बुटाला जास्तीत जास्त ११ खिळे चालतात. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब नको. उंच उडी आणि भालाफेकीला १२ पर्यंत सूट आहे. ट्रॅक सिंथेटिक नसेल तर मर्यादा थेट २५ मिलिमीटर. हे वाचून तुमचे डोळे चमकले असतील. चमकू देऊ नका. २५ ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. आपल्या कडक मुरमाच्या मैदानावर ९ ते १२ मिलिमीटर पुरे. त्याहून लांब खिळा जमिनीत पुरता जातच नाही. तुम्ही अर्धवट खिळ्यांवर तोल सांभाळत पळता आणि बघणाऱ्यांना वाटतं, पोराच्या पायात काटा मोडलाय. पुढे पुण्याला बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर जायची वेळ आलीच, तर तिथं ६-७ मिलिमीटरचे लागतील. म्हणून ज्याचे खिळे पान्यानं काढता-बसवता येतात तोच जोड घ्यायचा. खिळे कायमचे ठोकलेला स्वस्त जोड समोर आला तर दुकानदाराला नमस्कार करून चहा प्या.

जास्त खिळे म्हणजे जास्त वेग, असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांच्यासाठी १९६८ सालची गोष्ट. प्यूमा कंपनीनं तळाला जाड खिळ्यांऐवजी ६८ बारीक सुया असलेला बूट काढला. जॉन कार्लोस हा अमेरिकी धावपटू तो घालून निवड चाचणीत २०० मीटर १९.९२ सेकंदांत पळाला. तो जागतिक विक्रम ठरला असता, पण तेव्हाच्या नियमात सहाच खिळे चालायचे, म्हणून विक्रम मंजूर झाला नाही. महिन्याभरानं मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये त्याचाच मित्र टॉमी स्मिथ नियमातले बूट घालून १९.८३ सेकंदांत पळाला. बाकीच्या बासष्ट सुयांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

पायरी तिसरी : पळणार किती, हे स्वतःला खरं सांगा.

दुकानदाराला काहीही सांगा. शंभर-दोनशे मीटरच्या स्पाइकचा तळ कडक असतो, चवडा वर उचललेला, टाचेखाली जवळजवळ काही नाही. मधल्या अंतराच्या स्पाइकचा तळ वाकतो, टाचेखाली थोडी गादी असते. लांब पल्ल्याचा त्याहून मऊ. शर्यत सोळाशेची आणि पायात शंभरचे स्पाइक, ही आपल्या भागातली सर्वांत लोकप्रिय चूक. दुसऱ्या राउंडलाच पोटऱ्या दगड होतात. शंभरचे स्पाइक दिसायला जास्त देखणे असतात, हे त्यामागचं शास्त्रीय कारण.

आता भरतीवाल्यांसाठी थोडा हिशेब, कारण जळकोटात ‘मी पळतोय’ याचा अर्थ नव्वद टक्के वेळा ‘मी भरतीची तयारी करतोय’ असा असतो. (ही टक्केवारी माझ्या मनाची आहे, पण कुणी वाद घालणार नाही.) पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. सोळाशेत पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायचं. मुलींना आठशे मीटर, २ मिनिटं ५० सेकंद. मुलांचे सोळाशे म्हणजे ४०० मीटरचे चार राउंड, प्रत्येकी साडेसत्याहत्तर सेकंद. आज तुमचा टाईम साडेसहा मिनिटं असेल, तर मधली ऐंशी सेकंदं कोणत्याही कंपनीच्या डब्यात मिळत नाहीत. ती पहाटेच्या सरावातून निघतात, आणि तो सराव साध्या रनिंग शूजमध्ये करायचा असतो. स्पाइक शेवटची दोन-तीन सेकंदं देतो, आणि तीही मैदान त्याला साथ देणारं असेल तरच. गोळाफेकीला मात्र स्पाइक घालून उभे राहू नका. गोळाफेकीचा बूट तळाला सपाट असतो, आणि तुमचा उत्साह बघून परीक्षक मागे सरकतील.

इथं मांडव्याचं नाव घ्यायलाच हवं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं हे गाव. तिथला अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर चालत-पळत जायचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचिनला तैनात होता आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, त्यानंतर वळला. ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर नेला आणि पुढच्याच महिन्यात ऑलिम्पिकची अंतिम फेरी पळाला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तर खो-खो खेळता खेळता धावण्यात आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये याच शर्यतीत अंतिम फेरीत दहावी आली. दोघं दुष्काळी पट्ट्यातले. पाय आधी तयार झाले, बूट मागाहून आले. तुमच्या चुलतभावाला हे सांगून बघा. तो म्हणेल, “त्यांची गोष्ट वेगळी.” बरोबर आहे. ते रोज पळायचे.

पायरी चौथी : किंमत. वडिलांना आता आत बोलवा.

मिल्खा सिंग यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये घातलेले बूट २०१२ मध्ये लिलावात निघाले, ते अभिनेता राहुल बोसनं २४ लाख रुपयांना घेतले. ही वरची मर्यादा समजा. खालच्या बाजूला निविया, सेगा अशा देशी कंपन्यांचे सुरुवातीचे जोड साधारण हजार ते दोन हजारांत मिळतात आणि मातीच्या मैदानावर नवशिक्याला तेवढे पुरतात. परदेशी नावांचे जोड त्याच्या कितीतरी पटीनं महाग. त्यात आत कार्बनची पट्टी असलेले बूट ज्यांच्यासाठी बनतात, त्यांचा निकाल शतांश सेकंदात लागतो. तुमचा निकाल अजून सरांच्या शिट्टीवर आणि सरांच्या मूडवर लागतो. आणि हुबेहूब परदेशी चिन्हाचा जोड पाचशेला मिळाला, तर नावातली अक्षरं एकदा मोजा. एखादं जास्त सापडेल.

वडिलांसाठी हिशेब असा : खिशात एकूण दोन-अडीच हजार असतील तर ते सगळे रोजच्या रनिंग शूजवर घाला. स्पाइक पुढच्या हंगामात. साडेतीन-चार हजार असतील तरच दोन्ही. या सल्ल्यावर तुमचं तोंड उतरेल, वडिलांचा चेहरा उजळेल. कोणत्याही घरात एका वेळी एवढंच शक्य असतं.

शक्यतो सोलापूरला जाऊन पायात घालून घ्या, आणि तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. स्पाइक रोजच्या बुटापेक्षा घट्ट बसायला हवा. अंगठा पुढे टेकेल न टेकेल इतपत, टाच मागे हलता कामा नये. पातळ मोजे घालून बघा. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून एक नंबर मोठा घेण्याची प्रथा शाळेच्या गणवेशापुरती ठेवा. सैल स्पाइकमध्ये पाय एकीकडे वळतो आणि खिळे दुसरीकडे. ऑनलाइनच मागवायचे झाले तर पत्त्यात जिल्हा ठळक लिहा. जळकोट दोन आहेत, आणि तालुक्याचं जळकोट लातूर जिल्ह्यात आहे. तिथंही होतकरू धावपटू असतात, तिथंही नऊ नंबरचा पाय असतो.

घरी आल्यावर पहिल्या रात्री सगळेजण स्पाइक घालून घरात चालून बघतात. शहाबादी फरशीवर ते बर्फासारखे सटकतात आणि वर चरे पाडतात. आईला चरे दिसतात, कंपनी दिसत नाही. मैदानापर्यंत चपलेत जा, स्पाइक पिशवीत न्या. सुरुवातीला आठवड्यातून एखाद-दोन वेळा, शंभर मीटरच्या चार-सहा पळण्यांपुरतेच घाला. टाच एकदम खाली आल्यानं पोटरी आणि टाचेची शीर ओढली जाते. खिळे आधी हातानं फिरवून बसवा, मग पान्यानं आवळा. पळून झाल्यावर काडीनं माती काढा. पावसाळ्याआधी खिळे सोडवून आट्यांना तेलाचा थेंब द्या, नाहीतर दिवाळीला ते गंजून असे बसतात की सायकलवाल्याकडे जावं लागतं, आणि तो हसतो.

पैसे मोजण्याआधी शेवटचं काम. भरतीची असो की शालेय स्पर्धेची, मैदानाच्या सूचना नीट वाचा आणि स्पाइक चालतात का, हे क्रीडाशिक्षकांना विचारून घ्या. बिल जपून ठेवा, पण एकदा मातीत घातलेला जोड कोणताही दुकानदार परत घेत नाही.