न सुधारणारी प्रत

संगणक रखडला की ‘फॉरमॅट मारा’ सांगणारा जाणकार प्रत्येक गल्लीत असतो. पुण्याजवळच्या भूगावात, आयटीवाल्यांच्या कृपेने, तो प्रत्येक मजल्यावर सापडतो. नवी एसएसडी टाका, विंडोज नव्याने चढवा, कचरा जाईल, मशीन पळेल. इंग्रजीत मेल लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपला हे चालून जातं. पण पौड रस्त्याला लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं आणि कुस्त्यांचे फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्याने हे ऐकलं, तर ऐन लग्नसराईत त्याला तोंड लपवावं लागेल. जुन्या मराठी मजकुराचा संगणक फॉरमॅट करायचा नसतो, त्याची डिस्क क्लोन करायची, म्हणजे जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची असते, असं माझं ठाम मत आहे. याला आळस म्हणणाऱ्याने जुनी पत्रिका एकदा नव्या मशीनवर उघडून पाहावी.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण आपल्या छपाईने संसार थाटला तो श्रीलिपीसारख्या फॉन्टांशी आणि पानं जुळवणाऱ्या पेजमेकरशी. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. आपल्याकडे तिची निवृत्ती कुणी मनावर घेतली नाही. या जुन्या फॉन्टांत ‘क’ म्हणजे एखाद्या रोमन अक्षराच्या खुर्चीवर बसवलेलं चित्र. फॉन्ट गेला की खुर्चीचा मूळ मालक परत येतो आणि ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविरामांची वरात निघते. डिसेंबर २०१७मध्ये भूगावात महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली, अभिजित कटकेने गदा पटकावली. त्या वेळी अशा फॉन्टात केलेला फलक आज उघडायचा, तर फॉन्टही तोच लागणार. क्लोनिंगचा मोठा गुण म्हणजे त्याला मराठी येत नाही. फॉन्ट, प्रिंटरचा हट्टी ड्रायव्हर, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल मामांनी पाहिलेलं’, सगळं ते न वाचता उचलतं. दुसऱ्याचा मराठी मजकूर न सुधारता पुढे देणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात मिळायचा नाही.

यावर कोणी म्हणेल, व्हायरसही उतरेल की! उतरेल, म्हणून आधी तपासणी. मग सगळं युनिकोडातच का नेत नाही? न्यावंच, पण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात, आणि निमंत्रकांच्या यादीत रफार हलला की भाऊबंदकी पेटते. क्लाउडवर फाइल जाते, मशीनची घडी जात नाही. खरा धोका वेगळाच आहे. तैवानच्या संगणन केंद्रातून आलेलं क्लोनिंगचं फुकटचं सॉफ्टवेअर क्लोनझिला घ्या: काळा पडदा, त्यावर दोन डिस्कची एसडीए आणि एसडीबी अशी एकाच अक्षराने वेगळी नावं. मूळ कोणती, नवी कोणती, हे तुम्ही सांगायचं. ते पुन्हा पुन्हा खात्री विचारतं, आपण घाईने वाय दाबतो. उलटं सांगितलंत, तर भरल्या डिस्कवरचा सगळा मजकूर पुसला जाऊ शकतो.

तेव्हा दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक आधी कागदावर लिहा, आणि डिस्क टकटक करू लागण्याची वाट पाहू नका. क्लोनखेरीज अख्ख्या डिस्कच्या इमेजची एक फाइल दुकानाबाहेरच्या डिस्कवर ठेवा. फॉन्टसोबत आलेलं परवान्याचं डोंगल मात्र डिस्कच्या क्लोनमध्ये येत नाही. ते कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, हे आजच बघून घ्या.