जरा पानी पिऊन येतो

आमच्या जळगाव जामोदचे भाऊ तुम्ही पाठीवरूनच ओळखाल. सूत्रसंचालकानं "दोन शब्द" म्हटलं, की त्यांची तेवढीच बाजू दिसते. "मी जरा पानी पिऊन येतो," म्हणत भाऊ मंडपाबाहेर!

कृषी केंद्राच्या काउंटरवर एकच शेतकरी असला, तर हाच माणूस गुलाबी बोंडअळीवर तासभर बोलतो, तेही हातवारे करून. दुसरा आला की आवाज खाली. चौथा आला की पानी. साखरपुड्यात पानी, गणेश मंडळाच्या बैठकीत पानी. पालकसभेत नुसतं नाव सांगायची पाळी तीन खुर्च्यांवर आली, तेव्हाही पानी. आमचा तालुका खारपाणपट्ट्याच्या कडेचा, गोड्या पाण्याचे कॅन विकत आणणारा. या माणसाची भीती गावाला परवडते कशी कोण जाणे.

अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे जमलेल्या शेतकऱ्यांपुढं भाकीत सांगतात. भाऊ दरवर्षी जातात. यंदा पावसाचं काय, विचारलं तर म्हणाले, "ते जाऊ दे बे! एवढ्या लोकायपुढं त्याहीचा आवाज जरासाकही नाई हालला!"

फार टोचलं की गांधीजी काढतात. "1891 साली बॅरिस्टर झालेला मानूस! मुंबईच्या कोर्टात उलटतपासनीले उभा राहिला अन् मटकन बसला. 30 रुपये फी वापस." पुढं गांधीजी बरंच बोलले, असं मी म्हणेपर्यंत भाऊ पाण्याला.

मग माझा निरोप समारंभ आला. पाच पानी भाषण, समोर 200 माणसं, आणि माझ्या तोंडात कापूस. (भीतीनं ॲड्रेनलिन चढलं की लाळ आटते, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे पठ्ठ्या इतकी वर्षं खोटं बोलत नव्हता तर!) कागद थरथरायला लागला. तेवढ्यात बाजूनं एक तांब्या पुढं आला. तोही थरथरत होता; निम्मं पाणी माझ्या चपलेवर.

"घोट घे. लोकायकडे पाहू नोको. मायाकडे पाय."

पाचही पानं वाचली. तांब्या द्यायला त्याला सगळ्यांदेखत स्टेज चढावं लागलं असणार, हे घरी गेल्यावर सुचलं. तिथं मात्र टाळ्या संपताच सूत्रसंचालकानं पुकारलं, "आता भाऊ दोन शब्द..."

टेबलावर तांब्या होता, त्यात पाणीही होतं. भाऊ पाणी प्यायला गेले होते.