लो-कार्ब न्याहारीचे व्रत : तळेघरी कसे आचरावे

पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकराकडे निघालेल्या प्रत्येक गाडीत हल्ली एक तरी व्रतस्थ असतो. तो बिनसाखरेचा चहा मागतो, वडापावातला पाव परत करतो आणि वड्यातही बटाटाच आहे हे ध्यानात आल्यावर वडाही परत करतो. अशा गाडीचा मुक्काम तळेघरला पडला, की सकाळी याच्यापुढे ठेवायचे काय, ही चिंता यजमानांना लागते. त्या व्रतस्थासाठी, आणि त्याहून अधिक त्याच्या यजमानिणीसाठी, हा विधी सविस्तर देत आहोत.

व्रताची परंपरा

हे व्रत नवे नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा धंदा करणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर आणि बटाटे सोडून वजन उतरवले आणि १८६३ मध्ये त्याची पुस्तिकाच काढली. स्वतःच्या धंद्याला एवढी झळ दुसऱ्या कोणी लावून घेतल्याचे ऐकिवात नाही. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी त्याचा संप्रदाय केला. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांत, जेवायला सांगितले. त्या पंथात भूक नसेल तर न्याहारीचा प्रश्नच मिटतो. ज्यांना भातही सोडायचा आहे आणि न्याहारीही सोडवत नाही, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे.

वर्ज्य पदार्थ

पोहे, उपमा, इडली, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी. थोडक्यात, न्याहारी म्हटल्यावर मराठी माणसाला जे जे आठवते ते सगळे.

तळेघरची तांदळाची भाकरी तर यादीत सर्वांत वर. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. इथे व्रतस्थ विजयी मुद्रेने म्हणतो, “मग नाचणीची करा!” २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणीला शहरात देवत्व आले आहे. तिच्यातले कॅल्शियम खरे, तंतूही खरे. पण कर्बोदके १०० ग्रॅमला ६७ च्या घरात. वरई ६५ च्या आसपास. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२५ च्या निष्कर्षांनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांतले सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि एकूण प्रमाण तेच ठेवून पांढऱ्या तांदळाजागी गहू किंवा भरडधान्य घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. म्हणून नाचणीची भाकरी खावी, जरूर खावी. मात्र ती खाताना चेहऱ्यावर व्रताचे तेज आणू नये.

ग्राह्य पदार्थ

१. *वळगणीचे मासे.* पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढतात. कर्बोदके नाहीत. अडचण एवढीच, की त्यांचा हंगाम मोजक्या दिवसांचा आणि व्रत बारमाही.

२. *खेकडे.* रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला जावे, दगड उचलावा, बोट सांभाळावे. खेकड्याच्या पायांचा कुटून काढलेला रस कालवणात घालावा. नुसते खेकडे फोडून पोट भरायचे ठरवल्यास न्याहारी दुपारच्या जेवणापर्यंत चालते, त्यामुळे दोन आहारांचा नियम आपोआप पाळला जातो.

३. *रानभाज्या.* कुर्डू, भारंगी, टाकळा, चिचुर्डी. भारंगी कडू असते. उकडून, पिळून मग परतावी. स्वतःच्या अकलेने रानात पाला खुडू नये. ओळखणाऱ्या बाईच्या मागे टोपली घेऊन चालावे आणि मध्ये मध्ये जीवनसत्त्वांवर बोलू नये.

४. *गावठी अंडी.* एका अंड्यात कर्बोदके एक ग्रॅमही नसतात. तीन अंड्यांची पोळी आणि वर तूप, एवढ्यावर माणूस दुपारपर्यंत तग धरतो. मागण्यापूर्वी अंगणात कोंबड्या किती आहेत ते पाहावे.

५. *खुरासणीची चटणी.* खुरासणी भाजून लसूण, मिरची, मीठ घालून कुटावी. तेल आणि प्रथिने भरपूर. ती चमच्याने खाणारा माणूस पाहायला शेजारची पोरे जमतील, तिकडे लक्ष देऊ नये.

६. *पनीर.* मंचरजवळ पराग मिल्क फूड्सचा दूध प्रक्रियेचा मोठा कारखाना आहे; येतानाच मंचरला पनीर घ्यावे. घाट चढल्यावर आठवण झाल्यास उपयोग नाही.

७. *मासवडी.* जुन्नर-आंबेगावची शान. आतले तीळ-खोबऱ्याचे सारण ग्राह्य, वरचे बेसनाचे आवरण शंकास्पद, कारण बेसनात निम्म्याच्या आसपास कर्बोदकेच असतात. सारण कोरून खाऊन आवरण ताटात ठेवणाऱ्यास पुन्हा आमंत्रण येत नाही.

श्रावणसंकट

श्रावणी सोमवारी हे व्रत दुसऱ्या व्रतावर आदळते. अंडी, मासे, खेकडे श्रावणाने बंद. पोहे, भाकरी आहाराने बंद. उपवासाला चालणारे साबुदाणा, वरई, बटाटा, रताळे म्हणजे तर पिष्टाचीच पंगत. यातून सुटकेचा एकच मार्ग शास्त्राला ज्ञात आहे: दही आणि दाण्याचे कूट घातलेली खमंग काकडी. ती वाडगाभर खावी आणि दोन्ही देवांना नमस्कार करावा.

शंकासमाधान

यजमानीण पुढील प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे तयार ठेवावीत.

“भाकरी नको? मग कालवण कशासंगं खाणार?”

उत्तर: “नुसतंच, मावशी.”

“दुखतंय खुपतंय का काही?”

उत्तर: “नाही, मुद्दामच सोडलंय.”

यावर ती काही बोलणार नाही. आत जाऊन चुलीवर आणखी एक भाकरी टाकील. हा आग्रह नव्हे. तिच्या मते तुम्ही अजून खरे सांगितलेले नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी पोट साफ होत नाही अशी तक्रार उद्भवल्यास फार लांब जाऊ नये. या डोंगरांतली माणसे पिढ्यान् पिढ्या हिरडा गोळा करून विकत आली आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र व्रत सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण कर्बोदके एकदम तोडली की रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. हे कलम विनोदासाठी नाही.

खर्चाचा तपशील

वरची ग्राह्य यादी पुन्हा वाचावी. मासे, खेकडे, अंडी, तूप, पनीर. तळेघरच्या ताटात यांतले काहीही कधी भाकरीपेक्षा मोठे नव्हते. डोंगरउतारावरच्या खाचरात पावसाच्या भरवशावर भाताचे एक पीक येते. त्याने पोट भरायचे आणि कालवणाने घास उतरवायचा. अंडे घरात खाल्ले तर ते विकायला उरत नाही. व्रतस्थ हे ताट उलटे करायला सांगतो: कालवण पोटभर, भाकरी नावाला. हे ताट वैद्यकीयदृष्ट्या कदाचित उत्तम असेल. पण इथे ज्यांना कालवण कमी पडत आले, त्यांना हे कोणी डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलेले नाही. तेव्हा न्याहारीचे पैसे भाकरीच्या हिशेबाने देऊ नयेत, कालवणाच्या द्यावेत.

व्रतभंग आणि प्रायश्चित्त

भाकरीचा वास आल्याने व्रत मोडल्यास घाबरू नये. आवणीच्या दिवसांत यावे, इरले डोक्यावर घ्यावे आणि यजमानांबरोबर दुपारपर्यंत खाचरात वाकून रोपे लावावीत. मग पुढे येईल त्या भाकरीतली कर्बोदके खुशाल मोजावीत. दुसऱ्या भाकरीपर्यंत आकडा कोणाच्याही लक्षात राहत नाही.